बांध कोणी घातला?

आमच्या देवस्थानांच्या स्मरणिका वाचण्याची ज्यांना सवय आहे त्यांना त्यांतील पहिला लेख उघडण्यापूर्वीच पाठ असतो. भगवान परशुरामांनी सह्याद्रीच्या शिखरावरून बाण सोडला. समुद्र मागे हटला. नवी भूमी वर आली. आणि त्या भूमीवर त्यांनी आमचे पूर्वज आणून वसविले. साष्टीत सहासष्ट कुळे, तिसवाडीत तीस. दुसऱ्या लेखात एकदम सोळावे शतक उजाडते आणि मूर्ती रातोरात नदीपार होतात. तिसऱ्या लेखात जीर्णोद्धाराचा हिशेब आणि देणगीदारांची नामावळी असते. पहिल्या आणि दुसऱ्या लेखाच्या मध्ये जी हजार वर्षांहून मोठी पोकळी राहते तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. त्या काळात समुद्र पुन्हा आत का शिरला नाही? बाण एकदाच सुटला. भरती मात्र दिवसातून दोन वेळा येते. तिला रोज कोणी अडविले?

हा प्रश्न आम्ही विनोदाने विचारीत नाही. आम्ही याच देवळांचे कुळावी आहोत. याच पालख्यांना आम्ही खांदा दिला आहे. आणि सह्याद्रिखंडाची पोथी आमच्याही घरात सोवळ्यात ठेवलेली असे. पुराणकथेशी आमचे भांडण नाही. कथेतून जे निष्कर्ष काढले जातात त्यांच्याशी आमचे भांडण आहे. पहिला निष्कर्ष असा, की या भूमीवर वसणारे पहिले लोक आम्हीच. दुसरा असा, की बाकीचे सारे मागाहून आमच्या सेवेसाठी आले. आणि तिसरा, जो उघडपणे कोणी लिहीत नाही पण ज्याप्रमाणे सर्रास वागले जाते, तो असा, की भूमी आम्हाला देवाने दिली असल्यामुळे तिचे काय करावे हा केवळ आमचा प्रश्न आहे. हे तिन्ही निष्कर्ष खोटे आहेत असे आमचे म्हणणे आहे. पहिले दोन इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. तिसऱ्यामुळे तर आमच्या डोळ्यांदेखत शेते खाऱ्या पाण्याखाली चालली आहेत.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. अंत्रूज महाल घ्यावा. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, रामनाथी, बांदिवडे ही नावे घेतली की मुंबईपासून बडोद्यापर्यंतच्या कुळाव्याच्या डोळ्यांपुढे दीपस्तंभ, तळी आणि माडापोफळींची कुळागरे उभी राहतात. हा अंत्रूजचा वरचा अंग झाला. खालचा अंग यात्रेकरूला दिसत नाही, कारण त्याची मोटार तिकडे वळत नाही. शिरोडे, दुर्भाट, आडपई, मडकई या गावांच्या पायथ्याशी, जुवारी नदी आणि कुंभारजुव्याचा कालवा यांच्या काठाने, सपाट शेते पसरलेली आहेत. त्यांना खाजन म्हणतात. ही शेते भरतीच्या पातळीहून खाली आहेत. अर्थात मध्ये बांध नसता तर तेथे भात नव्हे, चिखल आणि तिवरांचे जंगल असते. सबंध गोव्यात अशी जमीन सुमारे 18,000 हेक्टर असल्याचे सांगतात. गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. म्हणजे या चिमुकल्या प्रदेशाचा सुमारे विसावा हिस्सा माणसाने पाण्याच्या तोंडातून काढून घेतलेला आहे.

हे कसे साधले ते समजून घेतल्याखेरीज पुढील वाद समजणार नाही. नदीच्या अंगाने मातीचा बांध घालावयाचा. माती तिथलीच, चिकण. तिच्यात पेंढा, बांबू आणि तिवरांच्या फांद्या. लाटांचा मार जेथे अधिक तेथे जांभ्या दगडाचे अस्तर. बांधाबाहेर तिवरे राखावयाची, कारण लाटेचा पहिला धक्का तीच सोसतात. बांधात एक दार ठेवावयाचे. त्याला मानस म्हणतात. मानशीच्या लाकडी फळ्या अशा बसविलेल्या असतात की भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने त्या मिटतात, आणि ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. आत पोंय असते, म्हणजे पाण्याचा साठा आणि निचरा दोन्ही सांभाळणारा खळगा. पावसाळ्याच्या आरंभी पहिल्या सरींनी जमिनीतला खारटपणा धुऊन जाऊ द्यावयाचा आणि मग कोरगूट किंवा आसगो यांसारखे खारेपणा सोसणारे भात घालावयाचे. कापणी झाली की काही ठिकाणी खारे पाणी मोजून आत घ्यावयाचे. त्याबरोबर मासळी येते आणि गोड्या पाण्याचे तणही मरते. काही ठिकाणी त्याच खाजनात मिठाची आगरे. भात, मासळी आणि मीठ अशी तीन पिके एका बांधाच्या आधाराने उभी राहतात. या विद्येची ना पोथी आहे ना पाठशाळा. ती हाताने हाताला शिकविली.

परंतु बांध हा देवळासारखा एकदा बांधून सोडून देण्याचा पदार्थ नव्हे. खेकडे त्याला भोके पाडतात. पावसाळ्यात तो खचतो. उधाणाच्या भरतीला त्याची परीक्षा होते. एका रात्री बांध फुटला तर पुढचे काही पावसाळे त्या शेतात कणीस धरत नाही. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावर राखण लागे, आणि खांड पडले तर ओहोटीच्या चार-सहा तासांत सारा गाव कमरेइतक्या चिखलात उतरून ते बुजवी. सारा गाव असे आम्ही लिहिले खरे. पण सत्य सांगावयाचे तर चिखलात उतरणारे निराळे होते आणि बांधावर उभे राहून सांगणारे निराळे. उतरणाऱ्यांत गावडे होते, कुणबी होते, आणि ज्यांना देवळाच्या सभामंडपाची पायरी चढण्यास मज्जाव होता असेही होते. त्यांची नावे कोणत्या स्मरणिकेत आहेत?

आता पहिल्या निष्कर्षाकडे वळू. अंत्रूजच्या वसाहतीचा जुन्यात जुना लेखी पुरावा कोणता, असे विचारले तर बांदिवड्याच्या ताम्रपटाचे नाव घ्यावे लागते. हा ताम्रपट कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा राजाचा असून तो सहाव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. हस्त्यार्य नावाच्या सामवेदी ब्राह्मणाला राजाने एक हल जमीन करमुक्त दिली. ही जमीन कसली होती? ताम्रपटाचा शब्द खज्जन असा आहे. आजचा खाजन तोच. तिला बांध घालून समुद्राचे पाणी अडवावे आणि ती भाताखाली आणावी ही अपेक्षा. तिच्याबरोबर रानही दिले, आणि ते तोडण्यासाठी कामकऱ्यांचे चार गट दिले.

हा मजकूर आमच्या अभिमानी मंडळींनी दोनदा वाचावा. दान घेणाऱ्याचे नाव, त्याची वैदिक शाखा, देणाऱ्याचे नाव, जमिनीचे माप, सारे तांब्यावर कोरलेले आहे. रान ज्यांनी तोडावयाचे त्यांचा केवळ आकडा आहे: चार. आणि दान देण्याच्या वेळी ते कामकरी तेथे हजर होते. आकाशातून पडणार नव्हते. म्हणजे लेखी इतिहासाच्या पहिल्याच पानावर, ज्या बांदिवड्यास आज आमची नागेशाची आणि महालक्ष्मीची देवळे आहेत त्याच गावी सापडलेल्या पानावर, आम्हाला भूमी मिळते ती माणसांसह मिळते. मग आम्ही पहिले कसे? आणि ती माणसे मागाहून आली कशी?

दुसरा पुरावा पोर्तुगिजांच्या दप्तरातला आहे. 1526 मध्ये अफोंसो मेशिया याने तिसवाडीच्या गावकारांचे हक्क आणि रूढी लिहवून घेतल्या. त्या दस्तऐवजाला फोराल म्हणतात. गावकारांनी त्याला आपल्या मुळाची जी हकिगत सांगितली ती मोठी उद्बोधक आहे. पूर्वी चार पुरुष एका ओसाड बेटावर आले, त्यांनी जमीन लागवडीस आणली, पुढे वस्ती वाढली, आणि त्यांच्या चांगल्या कारभारामुळे त्यांना गावकार हे नाव मिळाले. या हकिगतीत बाण नाही, परशू नाही. नापीक जमीन लागवडीस आणणे हाच गावकारीचा मूळ आधार म्हणून सांगितला आहे. पाने-सुपारीचा मान, पहिल्याने पेरण्याचा आणि कापण्याचा मान हे सारे त्या श्रमाच्या मागून आले. आमच्या आजच्या पिढीने मान राखला आणि श्रम विसरली. आणि त्या चार पुरुषांनी ओसाड बेट एकट्यांच्या आठ हातांनी शेतीखाली आणले असेल असे ज्याला वाटते, त्याने एकदा ओहोटीच्या वेळी दहा हात बांध घालून पाहावा.

तिसरा पुरावा कागदावर नाही, देवळात आहे. आमच्या गावोगावच्या सातेरीकडे पाहा. ती वारुळाच्या रूपात पुजली जाते. पुष्कळ गावी तीच पुढे शांतादुर्गा म्हणून ओळखली जाऊ लागली, तिला मुखवटा आला, चांदीची प्रभावळ आली. मुखवट्याच्या मागे अजून माती आहे. ज्या लोकांनी मातीलाच आई मानले त्यांनीच त्या मातीचा बांध घातला असे म्हटले तर त्यात नवल कसले? तसेच ग्रामपुरुषाचे. कित्येक गावांत ग्रामपुरुषाला नारळ ठेवल्याशिवाय मोठ्या देवाची पालखी उठत नाही. तो पुरुष कोण, हे कोणी विचारीत नाही. पण गाव वसविणाऱ्याचे देणे आधी, देवाचे मागाहून, हा क्रम आमच्या पूर्वजांनी घालून दिला होता. पूर्वजांना जी लाज होती ती स्मरणिकाकारांना नाही.

आणि आता ज्या गोष्टीचा आम्ही सर्वांत अधिक अभिमान बाळगतो तिच्याकडेच येऊ. सोळाव्या शतकात तिसवाडी आणि साष्टीत देवळे मोडली गेली. 1541 मध्ये तिसवाडीतील मोडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळविण्यात आले. आणि 1560 च्या सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची महालसा म्हार्दोळास आली. हे आमच्या समाजाचे महान दुःख आहे आणि महान धैर्यही आहे. परंतु नदीच्या या तीरावर काय होते? अंत्रूज त्या काळी आदिलशाहीत होता. पण राज्यकर्ता कोणी का असेना, गावे होती, ग्रामदेवता होत्या, गावकार होते, आणि हजार वर्षे जुने खाजन होते. ओसाड भूमीवर देव उतरले नाहीत. वसलेल्या, पिकणाऱ्या, दुसऱ्यांनी बांध घालून राखलेल्या भूमीवर उतरले. तेथल्या भाताचा नैवेद्य त्यांना पहिल्या वर्षी दाखविला गेला असेल तर तो भात आम्ही पेरलेला नव्हता.

सांगावयाचे ते हेच, की अंत्रूजात आम्ही आलो ते आश्रित म्हणून. मंगेशाचे महाजन मूळचे कुठ्ठाळीचे. प्रियोळचे गावकार ते नव्हेत. पुढे दिवस पालटले. 1739 मध्ये पेशव्यांनी रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या विनंतीवरून मंगेशी गाव देवस्थानास दिला. शाहू छत्रपतींच्या दरबारी नारोराम मंत्र्यांनी खटपट करून कवळ्याची सोय लावली. आश्रित इनामदार झाले. याबद्दल आम्ही त्या थोर पुरुषांना दोष देत नाही; त्यांनी देवाची सेवा केली. परंतु इनाम मिळाल्यामुळे कोणी मूळचा होत नाही, आणि कालचा आश्रित आज दुसऱ्याला उपरा म्हणू लागला तर त्याने आपल्या देवाची हकिगत नीट वाचलेली नाही असेच म्हणावे लागेल.

या ठिकाणी आमच्यावर तीन आक्षेप घेतले जातील, त्यांना उत्तर देणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप असा, की नुसत्या मजुरीने गाव उभा राहत नाही. हिशेब कोणी ठेवला? शेते लिलावाने कोणी दिली? खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न वांगडवार कोणी वाटले? बांधाचा खर्च कोणी काढून ठेवला? हे काम गावकारांनी आणि कुळकर्ण्यांनी केले, आणि ते मोठे काम होते. आम्हाला हे सर्वस्वी मान्य आहे. गावकारी ही आमच्या समाजाने निर्माण केलेल्या उत्तम संस्थांपैकी एक आहे. जमीन एका धन्याची नव्हे, गावाची. आणि गावाच्या उत्पन्नातून आधी देऊळ, वाट, तळे आणि बांध, मग वाटणी, हा तिचा नियम. फिलिप नेरी शाव्हिएर याने 1852 मध्ये या संस्थांवर ग्रंथ लिहिला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1962 च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेला स्वतंत्र प्रकरण दिले. साखवाळच्या धर्मानंदांच्या या पुत्राने पुराणकथेवर विसंबून न राहता भात, जमीन आणि हिस्से यांच्या अंगाने तिचा विचार केला. आम्ही एवढेच म्हणतो, की व्यवस्था ज्यांनी केली त्यांची नावे यादीत आहेतच. बांध ज्यांनी घातला त्यांची नाहीत. एकाचे देणे मान्य करण्यासाठी दुसऱ्याचे बुडवावे लागत नाही.

दुसरा आक्षेप असा, की देवळाच्या व्यासपीठावर जातीपातीचे विषय काढून आम्ही दुही माजवीत आहो. हा आक्षेप ऐकून आम्हाला हसू येते. यादी केली ती आम्ही नव्हे. 1886 चा माझानियांचा कायदा आणि त्यामागून 1933 चे देवस्थान नियमन, यांनी महाजन कोण ते नोंदवून ठेवले, आणि आम्ही त्या नोंदीला वेदवाक्य मानले. परक्या सरकारने केलेली यादी पवित्र, आणि त्या यादीत कोण नाही हे नुसते विचारणे ही दुही! 2003 मध्ये गावडा, कुणबी आणि वेळीप यांची गोव्यातील अनुसूचित जमातींत गणना झाली. ज्या सत्याची नोंद सरकारदरबारी झाली ती देवळाच्या दरबारी व्हावयास आणखी किती वर्षे लागणार?

तिसरा आक्षेप अगदी उलट बाजूने येतो. आमचे काही तरुण मित्र म्हणतात, की गावकारी ही पिळवणुकीचीच संस्था होती. ती मेली तर बरेच झाले. यांच्या संतापाचे कारण आम्ही समजू शकतो, पण त्यांचा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. पिळवणूक होती, ती गेली पाहिजे. परंतु बांध तर राहिला पाहिजे ना? रोग्याचा रोग जावा म्हणून रोग्यालाच पुरावे असे कोणता वैद्य सांगतो?

आणि येथेच आमचा वाद भूतकाळ सोडून आजच्या दिवसात येतो. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. 1964 मध्ये कुळ कायदा आला, आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा कूळ जमिनीचा धनी होण्याचा मार्ग मोकळा झाला. हा न्याय होता. आम्ही त्याचे तेव्हाही स्वागत करावयास हवे होते आणि आजही करतो. परंतु शेत एकेकाच्या नावावर करता येते, बांध करता येत नाही. बांध सर्वांचा असतो आणि म्हणूनच तो कोणाचाच नाहीसा होतो. पूर्वी गावकारी त्याची धनी होती. आता ते काम कुळांच्या संघटनांकडे आले. गावकारांनी हात झटकले: उत्पन्न गेले, मग बांध आमचा कशाला? कुळांपैकी पुष्कळांची मुले नोकरीला गेली. मानशीची पावणी मात्र चालू राहिली, कारण मासळीला आणि कोळंबीला भाव आला होता. भातापेक्षा मानशीचे उत्पन्न अधिक झाले तेव्हा काही ठिकाणी खारे पाणी आत ठेवण्यातच फायदा दिसू लागला. मानस उघडी, बांध खचलेला, शेतात तिवरे उगवलेली. त्यातच वर्षानुवर्षे खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनी कालव्याकाठचे बांध पोखरले गेले.

मग येतो जमिनीचा दलाल. तो म्हणतो, ही जमीन पडीक आहे, हिच्यात भराव घाला. 2011 च्या किनारा नियमनाच्या अधिसूचनेने खाजनांचे नकाशे करावेत, तिवरे राखावीत आणि खाजनात बांधकामे होऊ देऊ नयेत असे स्पष्ट सांगितले आहे. परंतु कायदा कागदावर आणि भराव शेतात, असा अनुभव कोणाला नाही? पडीक हा शब्दच आमच्या मते खोटा आहे. खाजन कधी पडीक नसते. त्याला पाडावे लागते. बांध दुरुस्त न करणे, मानस उघडी ठेवणे, नाल्याचे तोंड बुजविणे, हे सारे करावे लागते, आणि ते करणारे कोणी परकीय नाहीत.

भराव घातल्यावर काय होते तेही सांगून टाकू. डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी पूर्वी पोंयीत साठे आणि ओहोटीला मानशीतून बाहेर जाई. पोंय बुजली की तेच पाणी वाटेवर येते, मग अंगणात, मग विहिरीत. ज्या गावकाराने भाव चांगला आला म्हणून खालचे शेत विकले त्याच्याच वरच्या विहिरीला उद्या मचूळ पाणी लागले तर त्याने देवाला कौल लावून विचारू नये. उत्तर त्याच्याच खरेदीखतात आहे.

आता आम्ही आमच्याच लोकांना एक गोष्ट स्पष्टपणे विचारतो. जेथे आमच्या पूर्वजांनी समुद्रातून भूमी काढली असे आपण अभिमानाने छापतो, तेथेच ती भूमी समुद्राला परत जात असताना आपण काय करीत आहो? जीर्णोद्धारासाठी लाखो रुपये उभे राहतात; संगमरवर दुरून येतो, कळसाला सोने चढते. हे सारे होवो. परंतु ज्या गावात देवस्थानाच्या कळसाला सोने चढते आणि त्याच गावच्या बांधाला माती मिळत नाही, त्या गावाने स्थापकांचे नाव कोणत्या तोंडाने घ्यावे? गावकाराचा हक्क हा बांधाशी बांधलेला होता. बांध राखणे सोडले त्या दिवशी तो हक्क गेला. वंशावळीने तो परत येत नाही. उलट ज्या कुणब्याच्या घरातील एखादा म्हातारा अजून उधाणाच्या रात्री कंदील घेऊन मानशीवर जाऊन येतो, तो यादीत असो वा नसो, या गावचा पहिला गावकार तोच, असे आम्ही म्हणतो. ज्याला हे म्हणणे झोंबेल त्याने येत्या उधाणाला त्याच्याबरोबर जावे.

नुसती टीका करून थांबणे हे आमच्या मते लेखकाचे कर्तव्य नव्हे. म्हणून आमच्या सूचना आम्ही थोडक्यात मांडतो. प्रत्येक देवस्थानाने आपल्या पुढच्या स्मरणिकेत एक प्रकरण गावच्या बांधाला द्यावे. बांध कोठून कोठवर आहे, मानशी किती, त्यांची नावे काय, आणि तो राखणारी घराणी कोणती, हे गावात विचारून लिहावे. सांगणारे म्हातारे अजून आहेत. दहा वर्षांनी नसतील. ज्या देवस्थानांच्या मालकीची किंवा नमसांची शेते खाजनात आहेत त्यांनी ती विकणार नाही, भरणार नाही आणि पडीक टाकणार नाही, असा ठराव महाजनांच्या सभेत करावा. देवळाच्या वार्षिक खर्चात बांधाच्या दुरुस्तीसाठी एक रक्कम राखून ठेवावी. ती धर्मकार्यच आहे, कारण नैवेद्याचा भात तेथूनच येत असे. आणि जो कुणबी, जो गावडा त्या बांधावर उभा आहे त्याला नव्याच्या दिवशी सभामंडपात मानाने बसवून पहिला प्रसाद द्यावा. हे उपकार म्हणून करावयाचे नाही. थकलेले देणे म्हणून करावयाचे.

यांपैकी शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे आणि तिलाच सर्वांत अधिक विरोध होईल हे आम्ही जाणून आहो. पैशाची थैली सैल करणे सोपे. पाटावरची जागा सरकवून देणे कठीण. कोणी म्हणेल, रूढी आड येते. आम्ही विचारतो, कोणती रूढी? कुठ्ठाळीचा देव नदी ओलांडून प्रियोळास आला तेव्हा कोणत्या रूढीने आला? संकट आले तेव्हा आमच्या पूर्वजांनी देवालाच उचलून नव्या ठिकाणी बसविले. ज्यांनी देवाची जागा बदलली त्यांच्या वंशजांना माणसाची जागा बदलता येऊ नये काय?

नव्याच्या दिवशी शेतातले पहिले कणीस देवळात येते. ते दाराला बांधले जाते, देवापुढे ठेवले जाते, घरोघर नेले जाते. आमच्या लहानपणी ते कणीस गावच्याच खाजनातले असे. आता कित्येक ठिकाणी ते दुसऱ्या गावाहून आणावे लागते. अजून ते मिळते म्हणून आपण निश्चिंत आहो. ज्या वर्षी ते मिळणार नाही त्या वर्षी परशुरामाचा बाण आपल्या उपयोगी पडणार नाही. त्या वर्षी बांधावरची माती शोधावी लागेल, आणि ती उचलणारे हात. ते हात आज आहेत. त्यांना आज विचारा, त्यांची नावे आज लिहा, आणि ओहोटी आहे तोवर त्यांच्याबरोबर बांधावर उतरा.